वीसपट झुरळ : कवचाच्या मॉडेलच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

आजपासून वही. काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो.

नातीच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना झुरळाच्या पोटाचे मोठे मॉडेल हवे आहे. मुलांना ते हातात घेऊन वाकवता, ताणता, दाबता आले पाहिजे. प्रयोगशाळेत सध्या प्लास्टरचे आहे. रंग चांगला दिलाय, नावांच्या चिठ्ठ्या लावल्यात, पण ते हलत नाही. बाई म्हणाल्या, "काका, पुस्तकात ओळ आहे. कीटकाच्या अंगावर कडक पट्ट असतात, त्यांना स्क्लेराइट म्हणतात, ते मऊ पडद्याने जोडलेले असतात. मुलं ओळ पाठ करतात आणि पेपरात लिहितात. ती ओळ हलताना दाखवता येईल का?"

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये ३४ वर्षे पत्र्याचेच काम केले. प्रेस, डाय, बेंडिंग, शेवटची काही वर्षे टूलरूम. म्हणून हो म्हणालो. कीटकांचे शिक्षण माझे काही नाही, पण पत्रा कुठे वाकतो आणि कुठे फाटतो ते हाताला माहीत आहे.

मोठ्या घरगुती झुरळाला, पेरिप्लॅनेटा अमेरिकानाला, वीसपट करायचे ठरवले. झुरळ साधारण ४० मिमी, त्यातले निम्मे पोट. म्हणजे मॉडेल ४० सेमी लांब आणि २५ सेमीच्या आसपास रुंद होईल. दोन मुलांना दोन टोकांनी धरता येईल.

जाडी मोजली. वाळलेल्या झुरळाचा पाठीवरचा एक पत्रा सुईने सोडवला आणि मायक्रोमीटरच्या जबड्यात हलकेच धरला. चार वेळा मोजून ०.०४ मिमीच्या आसपास आली. वर्तमानपत्राचा कागदही याहून जाड असतो. वीसपट केले की ०.८, म्हणजे आमच्या भाषेत २२ गेजच्या जवळ. आकडा ओळखीचा निघाला याचे बरे वाटले.

१२ जून, गुरुवार

सोसायटीत मागच्या आठवड्यात फवारणी झाली, त्यामुळे जिन्यात मेलेली झुरळे मिळाली. मुद्दाम एकही मारलेले नाही. नातीला तसा शब्द दिलाय.

पंख उचलून पाठ मोजली. पोटाचे १० खंड. प्रत्येक खंडाला पाठीवर एक पत्रा, त्याला टर्गम म्हणतात. पोटाकडून एक, तो स्टर्नम. वरून बघताना आठवा टर्गम सापडत नव्हता, तो सातव्याच्या खाली सरकलेला असतो. पोटाकडून नरात ९ पत्रे दिसतात आणि मादीत ७. मादीचा सातवा नावेच्या नाळेसारखा वळलेला असतो, अंड्यांची डबी तिथे धरली जाते. मी मादी घेणार नाही, तो आकार पत्र्यात काढणे अवघड आहे.

प्रत्येक पत्र्याची मागची कड त्याच्या मागच्या पत्र्याच्या अंगावर चढलेली आहे, कौलांसारखी. टर्गम आणि स्टर्नम यांच्या मध्ये दोन्ही कुशींना मऊ पट्टा. भिंगातून बघताना प्रत्येक पत्र्याच्या पुढच्या कडेला आतल्या बाजूने एक बारीक कणा दिसला. आम्ही पत्र्याला ताठपणा यावा म्हणून बीडिंग मारतो, तसाच. त्या कण्यावर स्नायू बांधलेले असतात.

कसोटीही ठरवून टाकली. कौशिक जयराम आणि रॉबर्ट फुल यांनी २०१६ मध्ये अमेरिकेत, बर्कलीला, याच जातीच्या झुरळांना फटींतून पळवून पाहिले होते. ३ मिमीच्या फटीतून झुरळ सेकंदाच्या आत आरपार जाते. शरीराच्या वजनाच्या सुमारे ९०० पट भार सोसूनही त्याला इजा होत नाही. तो भार मला दाखवता येणार नाही. आकार वीसपट झाला की वजन ८,००० पट होते, मॉडेलची ताकद त्या मापाने वाढत नाही. फट मात्र दाखवता येईल. ३ मिमी गुणिले २०. दोन फळ्यांमधल्या ६ सेमी फटीतून मॉडेल ओढल्यावर ते न मोडता बाहेर यायला हवे.

२१ जून, शनिवार

पहिले मॉडेल पुरे झाले. अॅल्युमिनियमचे २० पत्रे कापले, १० पाठीचे, १० पोटाचे (मोजणी सोपी जावी म्हणून खालीही १० घेतले, ते चुकलेच). लाकडी ठोकळ्यावर वाकवले, कडा कानशीने मोडल्या, पुढच्या कडेला बीडिंग दिले. पितळी बिजागऱ्यांनी एकमेकांना जोडले, रिव्हेट मारले. दिसायला अतिशय देखणे. बाल्कनीत उन्हात ठेवले तर शेजारचे बघायला आले.

पण चालत नाही. दुकानाच्या शटरसारखे वर-खाली वाकते, बस. बाजूला वळत नाही, लांबीला ताणले जात नाही. वरून दाबले की पाठीचा पत्रा पोटाच्या पत्र्यावर आदळतो आणि तिथेच अडतो. फट ११ सेमीपर्यंत आणली, त्याखाली गेलो असतो तर बिजागऱ्या उखडल्या असत्या. आठवडाभर बिजागरीची जागा बदलून पाहिली, दोन पत्र्यांमध्ये चामड्याची पट्टी घालून पाहिली. एक हालचाल सुटते तर दुसरी अडते.

२४ जून, मंगळवार

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही कडक भाग बघताय. मऊ भाग कधी नीट पाहिलात का?" नव्हता पाहिला. वाळलेल्या झुरळात तो आक्रसून जातो, दिसतच नाही. रविवारी शाळेची प्रयोगशाळा उघडून देणार आहेत.

२९ जून, रविवार

आजचा दिवस सविस्तर लिहितो, कारण सगळे काम आज उलटे झाले.

बाईंनी शुक्रवारी संध्याकाळीच एक झुरळ पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावणात टाकून ठेवले होते. कीटकांवर काम करणाऱ्यांची ही जुनी रीत. दाहक अल्कलीत स्नायू, चरबी, आतडी सगळे विरघळते. ज्या पदार्थाचे कवच बनते ते कायटिन अल्कलीला दाद देत नाही, ते मागे उरते. हातमोजे, चष्मा आणि चिमटा बाईंच्याच हातात होता, मी बाजूला उभा. द्रावण ओतून दिले, पाणी तीनदा बदलले आणि मग झुरळ बशीतल्या ग्लिसरिनमध्ये सोडले.

माझी अपेक्षा होती की आतले जोडकाम विरघळल्यावर पत्रे सुटे होऊन बशीत पसरतील. नटबोल्ट काढल्यावर यंत्र सुटते तसे.

एकही पत्रा सुटला नाही. बशीत एक अखंड पिशवी तरंगत होती. डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच, काचेसारखी आरपार दिसणारी. तिच्यावर तपकिरी खिडक्या, आणि खिडक्यांच्या मध्ये बिनरंगी पट्टे. बाईंनी दोन सुयांनी दोन टोके धरून हळूच ताणली तर खिडक्या एकमेकींपासून लांब गेल्या आणि मधले बिनरंगी पट्टे उलगडत बाहेर आले. सोडले की ते पुन्हा आत दुमडले. सूक्ष्मदर्शकाखाली खिडकीची कड शोधली, म्हणजे जिथे पत्रा संपतो आणि पडदा सुरू होतो ती रेघ. रेघ नाहीच. तपकिरी रंग विरळ होत होत बिनरंगी होतो, पृष्ठभाग तोच पुढे चालू राहतो.

मी जोड शोधत होतो आणि इथे जोडच नव्हता. कडक पत्रे आणि मऊ पडदा ही एकाच कापडाची दोन रूपे आहेत. ते सगळे कापड खालच्या पेशींच्या एका थराने स्रवलेले असते. वर मेणचट पातळ लेप, खाली कायटिनचे तंतू आणि प्रथिने. काही जागी प्रथिने एकमेकांना रासायनिक टाके घालून घट्ट होतात, तिथे पत्रा होतो. काही जागी टाके पडत नाहीत, तो पडदा. झुरळ पत्रे जोडून बनत नाही. अखंड कातडे जागोजागी कडक होऊन बनते.

घरी येऊन हिला सांगितले. ती शिलाईच्या मशीनवर बसली होती. म्हणाली, "मग तुम्ही तीन आठवडे अंगरख्याला बाह्या जोडत बसलात. हे तर निऱ्यांसारखं आहे."

निऱ्या हा शब्द मी वहीत अधोरेखित केलाय.

३ जुलै, गुरुवार

रात्री ११ वाजता वॉशिंग मशीनच्या मागे पांढरे झुरळ दिसले. लहानपणी आम्हाला वाटायचे ती वेगळीच जात. नुकतीच कात टाकलेले, एवढेच ते. बरणीत घेतले, झाकणाला भोके पाडली आणि जागा राहिलो.

११.१० : दुधासारखे पांढरे, फक्त डोळे काळे. अंग फुगलेले. कात टाकताना ते हवा गिळून अंग ताणते, कारण कापड एकदा कडक झाले की पुढच्या कातीपर्यंत वाढता येत नाही. माप आत्ताच घ्यावे लागते.

१२.१५ : पाठीच्या पत्र्यांवर फिकट बदामी झाक. पायांचे काटे आधी गडद झाले. मधले पट्टे पांढरेच.

१.३० : चहाचा रंग. आता पत्रे आणि पट्टे वेगळे ओळखू येतात.

५.४५ : तांबूस तपकिरी, नेहमीचे झुरळ. सकाळी जिन्याखाली सोडून दिले. ही रागावली.

मशीनच्या मागून त्याची टाकलेली कातही मिळाली. छातीच्या पाठीवर मधोमध सरळ रेषेत उसवलेली. त्या रेषेवर मुळातच कडक थर नसतो, फाटायची जागा आधीपासून ठरलेली असते. टपाल तिकिटांच्या भोकांच्या रांगेसारखी. भिंगातून कातीच्या आत पाहिले तर पांढरे बारीक दोरे लोंबत होते. ती श्वासनळ्यांची अस्तरे! तोंडाकडचा आणि गुदाकडचा आतड्याचा भागही याच कापडाने मढवलेला असतो, तोही कातीबरोबर बाहेर येतो. कापड आतपर्यंत गेलेले आहे, फक्त अंगावर नाही. जन्मापासून मोठे होईपर्यंत असे साधारण १३ वेळा.

अर्धे वाचन पहाटेच झाले. कडक व्हायचा हुकूम कुठून येतो? १९६० च्या दशकात फ्रेंकेल आणि सियाओ यांनी कोशातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माशीच्या मानेला दोरा आवळून पाहिला. मानेच्या मागचे अंग पांढरे आणि मऊच राहिले. म्हणजे डोक्याकडून रक्तात काहीतरी येते. त्या संप्रेरकाला बर्सिकॉन नाव दिले गेले. आमच्याकडे हार्डनिंगला भट्टी लागायची, नंतर तेलाची टाकी. इथे रक्तातून निरोप येतो आणि खोलीच्या तापमानाला काही तासांत काम होते. भट्टीपुढे इतकी वर्षे उभे राहिलेल्या माणसाला याचे काय वाटते ते लिहिता येत नाही.

९ जुलै, बुधवार

एकादशी झाली, चिंबोऱ्या आणल्या. चेंदणी कोळीवाड्यातल्या मावशी जांभळी नाक्याला बसतात. मी चिंबोरीच्या पाठीवर नखाने टकटक करत होतो तर म्हणाल्या, "दादा, अशी नको बगू. पोटाला दाब. दबली तर पोकळ, नवी कात हाय." त्यांना कुणी शिकवलेले नाही आणि त्यांचे बरोबर आहे. नुकती कात टाकलेल्या खेकड्याचे कवच मऊ असते आणि आत पाणी जास्त, मांस कमी.

खेकडा कीटक नव्हे, पण कापड तेच. फरक एवढाच की खेकडा त्या कापडात चुना भरतो, कॅल्शियम कार्बोनेट. ताडून बघायला पाठीचा एक तुकडा पांढऱ्या व्हिनेगरच्या वाटीत टाकला. दुसऱ्या वाटीत झुरळाचा पत्रा. खेकड्याच्या तुकड्यावर लगेच बुडबुडे. झुरळाच्या पत्र्यावर काही नाही.

जेवताना नांगी फोडली. आत ते पारदर्शक पाते निघाले, जे आपण सगळेच बाजूला काढून ठेवतो. नातीला दाखवले, ते ओढले की नांगीचा चिमटा मिटतो. ते पातेही बाहेरच्याच कवचाची आत गेलेली घडी आहे. स्नायूला ओढायला दांडा पाहिजे म्हणून कापड आत दुमडून कडक केले. आणि पायाचा प्रत्येक सांधा एकाच दिशेने वाकतो, दोन बाजूंना दोन खुंट्या, पण पुढच्या सांध्याचा आस फिरवलेला. चार-पाच साध्या बिजागऱ्या ओळीने, प्रत्येकीचा आस वेगळा, आणि पाय हवा तिकडे पोचतो. युनिव्हर्सल जॉइंट बनवायला आम्ही किती खटपट करायचो. जेवण थंड झाले.

१३ जुलै, रविवार

व्हिनेगर दोनदा बदलले होते. खेकड्याचा तुकडा आता भिजलेल्या चामड्यासारखा, बोटाभोवती गुंडाळता येतो. आकार, काठाचे दाते, ठिपके सगळे तसेच. झुरळाचा पत्रा चार दिवसांनीही होता तसाच कडक. त्याचा कडकपणा चुन्याचा नाहीच. दोन्ही वाट्या बाईंसाठी जपून ठेवल्या, मॉडेलबरोबर हेही मुलांना दाखवता येईल. खर्च ४० रुपये.

सकाळी नातीबरोबर येऊरला गेलो. राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे, तिथून काही उचलायचे नाही, फक्त बघायचे. पावसाने पैसा किडे भरपूर निघालेत. हात लावला की चकली. त्याचे कवच पत्र्यांचे नाही, पुऱ्या कड्यांचे. एक कडे दुसऱ्यात शिरते, दुर्बिणीच्या नळीसारखे. यातही चुना असतो. कुशीला मऊ पट्टा नाही, त्यामुळे त्याला चपटे होता येत नाही, झुरळाला येते. एवढ्या एका पट्ट्याने केवढा फरक.

२० जुलै, रविवार

दुसरे मॉडेल. धातू बंद. मांजरपाटाचे एक अखंड कापड, ९० सेमी बाय ११० सेमी. त्यावर पत्र्यांचे आकार पेन्सिलीने आखले, मधले पट्टे मोकळे ठेवले. पत्र्यांच्या जागी लॅमिनेशनचे इपॉक्सी रेझिन ब्रशने भरायचे, ते वाळले की तेवढाच भाग कडक. मग निऱ्या घालून नळी शिवायची.

रेझिन आणि हार्डनर मिसळताना एक गोष्ट आठवली, ती बाईंना सांगायची आहे. झुरळाची मादी अंड्यांची डबी अशीच बनवते. तिच्या पोटात दोन ग्रंथी. डावीत प्रथिने आणि कडक करणारे द्रव्य, पण ते द्रव्य साखरेच्या रेणूला बांधून निष्क्रिय ठेवलेले. उजवीत ती गाठ सोडवणारे एन्झाइम. दोन्ही बाहेर येऊन एकत्र झाले की डबी आधी पांढरी, मग गुलाबी, मग तपकिरी आणि टणक होते. म्हणजे दोन नळ्यांचा अॅराल्डाइट. प्रायर यांनी १९४० मध्ये याच डबीवर काम करून दाखवले की ही चामडे कमावण्यासारखी क्रिया आहे. त्या कडक पदार्थाला स्क्लेरोटिन म्हणतात.

पहिले चार पत्रे रंगवले.

२६ जुलै, शनिवार

दोन अडचणी.

एक, रेझिन पाझरते. पेन्सिलीची रेघ ओलांडून धाग्याधाग्याने पट्ट्यात शिरते. चौथ्या आणि पाचव्या खंडाच्या मध्ये पडदा उरलाच नाही.

दुसरी, रेझिन चिकट राहिले. सहा दिवस झाले तरी बोट लावले की ठसा. बाहेर सतत पाऊस, हवेत ओल, कपडेही वाळत नाहीत. खोके करून आत १०० वॉटचा बल्ब लावायला हवा होता. कापड फेकावे लागले. वाईट वाटले, हिने एवढे नीट कापून दिले होते.

३ ऑगस्ट, रविवार

पाझर थांबला. उपाय हिचा. माहेरी ही बाटिकचे रुमाल करायची. पट्ट्यांच्या जागी आधी वितळलेले मेण भरायचे, मग रेझिन लावायचे. मेण असलेल्या धाग्यात रेझिन शिरत नाही. वाळल्यावर वर्तमानपत्र ठेवून इस्त्री फिरवली की मेण कागदात उतरते आणि पट्टा मऊ मोकळा होतो. बल्बच्या खोक्यात एका रात्रीत रेझिन सुकले, चिकटपणा नाही.

मेणाची कड जरा अंधुक येते, रेझिन शेवटी विरळ होत जाते. मी ती धारदार करायला गेलो आणि मग थांबलो. बशीत पाहिलेली कड अशीच होती. शिवाय कड धारदार केली असती तर वाकताना कापड नेमके त्याच रेघेवर तुटले असते. पत्र्यात आम्ही बेंडला रेडियस देतो त्याचे कारण हेच.

कायटिन हे नाव ओदिए या फ्रेंच माणसाने १८२३ मध्ये दिले, भुंग्याच्या पंखकवचांवर काम करताना. मूळ ग्रीक शब्द अंगरख्याचा. हिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "बघा."

१० ऑगस्ट, रविवार

१८ पत्रे कडक झाले, पाठीचे १० आणि पोटाचे ८ (नराचे ९ हवेत, नववा शेपटीच्या तुकड्यात वेगळा करणार). प्रत्येकाच्या पुढच्या कडेला आतून सुतळी चिकटवून कणा दिला. काल संध्याकाळी निऱ्या घालून ही मशीनवर बसली, आज दुपारी नळी शिवून झाली. निरीची खोली २ सेमी. कुशीचे पट्टे ४ सेमी ठेवलेत.

सोसायटीच्या दिव्याखाली गेंड्या भुंगा मेलेला मिळाला, नारळाच्या झाडांना पोखरतो तो. पाठीवरची दोन कडक झाकणे म्हणजे त्याचे पुढचे पंख. मधोमध जिथे मिळतात तिथे एकाला खाच आणि दुसऱ्याला जीभ, सुतार फळ्या जोडतो तशी. एक झाकण ब्लेडने आडवे कापले तर आत दोन पातळ थर आणि मध्ये बारीक खांब, पोकळ. वजन कमी, ताठपणा जास्त. कॅलिफोर्नियाकडच्या एका भुंग्यात ही दोन झाकणे कायमची एकमेकांत अडकलेली असतात, जिगसॉच्या तुकड्यांसारखी. २०२० मध्ये मोजले तर त्याने १४९ न्यूटन भार सोसला, स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३९,००० पट. पण तो उडू शकत नाही. इथे मॉडेलला याचा उपयोग नाही, तरी लिहून ठेवले.

१७ ऑगस्ट, रविवार

फटीची कसोटी. दोन प्लायच्या फळ्या, मध्ये ६ सेमीचे ठोकळे, कडांना सँडपेपर मारला. मॉडेलच्या आत रक्ताच्या जागी काही भरायला हवे होते, खऱ्या झुरळात रक्ताचा दाब अंग ताठ ठेवतो. प्लास्टिकचा फुगवायचा लांब फुगा अर्धाच फुगवून आत ठेवला.

पहिल्या खेपेला तिसरा खंड अडला, कुशीचा पट्टा आत जायच्या ऐवजी बाहेर फुगला. पट्ट्याला मधोमध इस्त्रीने एक घडी पाडली, म्हणजे कुठल्या बाजूला मिटायचे ते त्याला कळेल. दुसऱ्या खेपेला गेले. आवाज न करता. पाठीचे पत्रे खाली बसले, कुशी मिटल्या, खंड एकामागून एक लांब सरकत फटीतून आले आणि पलीकडे पुन्हा फुगले. नात टाळ्या वाजवत होती. आम्ही ते २० वेळा ओढले. सातव्या पत्र्याच्या कोपऱ्यावर रेझिनला केसाएवढी चीर गेली आहे, बाकी सगळे शाबूत.

कडक भाग जाड केल्याने हे जमले नसते. पहिल्या मॉडेलचे पत्रे याहून कितीतरी मजबूत होते आणि तेच अडकले.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

शाळेत दिले. गणपतीच्या सुट्टीच्या आत द्यायचे होते. बाईंनी अॅल्युमिनियमचेही मागून घेतले. आधी ते मुलांच्या हातात दिले, मग कापडाचे. मी काही बोललो नाही, बाईही बोलल्या नाहीत. मुलांनी पाच मिनिटांत दोन्ही वाकवून, पिळून, दाबून पाहिले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने कापडी मॉडेल ताणून धरले, पट्ट्यावर बोट फिरवत पत्र्यावर नेले, परत आणले. म्हणाली, "सर, हे कुठे संपतं?" मी तिच्याकडून ते पुन्हा करून घेतले.

व्हिनेगरच्या वाट्या हातोहात फिरल्या. नांगीचे पाते ओढायला रांग लागली.

शेवटी एकाने विचारले, "याची श्वासाची भोकं कुठे आहेत?" बरोबर विचारले. पोटावर ८ जोड्या असतात, कुशीला, आणि मी ती पाडलीच नव्हती.

२४ ऑगस्ट, रविवार

भोके पाडायची तर मऊ पट्ट्यात पाडावी लागतात. जुन्या तुकड्यावर पंचने एक पाडून पाहिले. कापड ताणले की भोक चपटे होऊन मिटते, आणि दहा-बारा वेळा वाकवल्यावर काठाचे धागे सुटायला लागतात. काठ शिवून, काजे करून पाहिले, तरी मिटतेच.

मग बशीतली पिशवी पुन्हा भिंगाखाली घेतली. प्रत्येक भोकाच्या काठाला तपकिरी कडे आहे. मऊ पट्ट्यात, नेमके भोकाभोवती तेवढेच कापड कडक केलेले. त्यामुळे अंग कसेही दबले तरी भोक उघडे राहते.

राम मारुती रोडच्या मागे शिवणकामाच्या सामानाच्या दुकानातून बुटाच्या नाडीला लावतात तसली पितळी आयलेट आणली, ६ मिमीची, १६ नग. दोन जास्तीची. सोमवारी शाळा सुटल्यावर बसवायला जायचे आहे, पंच आणि हातोडी पिशवीत ठेवली.